चौकटीखालची दोन बोटं

यंदाच्या उन्हाळ्यात नंदाबाईच्या घरात एका शिंक्यावरून जे रामायण घडलं, ते साऱ्या आळीला तोंडपाठ आहे. पण आळीला माहीत आहे तो भांडणाचा भाग. त्याच्या पुढचं नंदाबाईने कुणाला सांगितलं नाही, आणि तिची सून नूतन तर काय, विचारल्याशिवाय बोलणारी नव्हेच.

शिंकं स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला आढ्याला टांगलेलं होतं. दह्याचं गाडगं त्यात ठेवायचं, म्हणजे मांजरीचा इलाज चालत नाही. नंदाबाईचा हात तिथवर सहज जायचा. एका हाताने भाकरी उलटावी आणि दुसऱ्या हाताने गाडगं काढावं, इतकं सहज. पण या उन्हाळ्यात तिने टाचा उचलल्या, खांदा ताणला, तरी बोटं गाडग्याच्या बुडालाच लागायला लागली. तिने मनाशी विचार केला आणि चोर पकडला.

"कायले वर बांधलंस वो शिंकं?" तिने सुनेला विचारलं.

"मी हात नाही लावला, आई."

"मंग का मांजरीनं बांधलं?"

नूतन गोंदिया शहरालगतच्या कुडव्याची. बुटकी, गोल चेहऱ्याची, स्टूलावर चढून दही काढणारी. आणि नंदाबाईच्या मते हाच पुरावा होता. जिला स्टूल लागतंच, तिला शिंकं चार बोटं वर काय नि खाली काय, सारखंच. सासूला मात्र दह्यासाठी रोज सुनेपुढे हात पसरावा लागतो. शहरातल्या पोरी अशाच गोड बोलून दोरी वर ओढतात, असं तिने हापशीवर चार बायांना ऐकवलं. नूतनच्या कानावर ते आलंच. तिने ऐकलं, पदर खोचला आणि पुन्हा भांडी घासायला बसली. तिच्या या गप्प बसण्याचा नंदाबाईला आणखी राग येई. भांडणाऱ्याला समोरून काही तरी यायला हवं ना.

आता नंदाबाईविषयी सांगायला हवं. कोहमाऱ्याच्या चौकातून आत गेलं की तलाव लागतो, आणि तलावाच्या पाळीला टेकून तिचं गाव. घर कोहळी समाजाचं. त्यांच्या पूर्वजांनी तो तलाव खोदला असं ते सांगतात, आणि पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते अजूनही तिचा नवरा कवडू पाहतो. नंदाबाई या घरात नवरी होऊन आली तेव्हा पंचक्रोशीत एवढ्या उंचीची बाई नव्हती. मागच्या खोलीत धान ठेवायची कोठी होती, तिचा दरवाजा ठेंगणा. धानाला हात लावायला म्हणून नवरीला तिथे नेलं, आणि तिची टाळू चौकटीच्या लाकडावर अशी आदळली की अक्षता उडून खाली पडल्या. सासू पोट धरून हसली. "सून आनली का बल्ली?" म्हणाली. बल्ली म्हणजे मांडवाचा उंच वासा. तेव्हापासून कित्येक वर्षं नंदाबाईचं नाव गावात बल्लीच होतं. आणि तेव्हापासून त्या दरवाज्यातून ती मान वाकवूनच आत जायची. एकदा आपटलेलं डोकं आयुष्यभर शहाणं राहतं.

उंचीचं तिला सोनं झालं ते रोवण्यात. धानाची रोपं चिखलात लावायची, त्याला इकडे रोवणा म्हणतात. गुडघाभर चिखलात बायांची ओळ उभी राहते, सगळ्या कंबरेत वाकतात आणि मागे मागे सरकत लावत जातात. लांब हात, लांब पाय, आणि वाकलं की दिवसभर न मोडणारी कंबर. अशी बाई ओळीला एकच लागते. बाकीच्या तिच्याकडे पाहून चालतात. नंदाबाई या टोळीची म्होरकी झाली तेव्हा प्रफुल, तिचा मुलगा, रांगत होता. आता प्रफुल कोहमाऱ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जातो, त्याचं पोट सुटलं, तरी टोळी नंदाबाईचीच आहे.

आणि या टोळीची एक रीत आहे. पहिल्या दिवशी बांधीच्या, म्हणजे त्या चिखलाच्या शेताच्या, कोपऱ्यात हळदकुंकू वाहायचं आणि पहिली जुडी म्होरकीने लावायची. ती वाकल्याशिवाय दुसऱ्या कुणी वाकायचं नाही. पाऊस कोसळत असो, मालक घाई करत असो, बाया हातात जुड्या धरून ताठ उभ्या राहतात. नंदाबाई वाकली की मग सगळी ओळ वाकते. वर्षातून एकदा येणारा तो क्षण नंदाबाईला कुठल्याही सणापेक्षा मोठा होता. ती बोलून दाखवत नसे, पण त्या सकाळी ती नवी चोळी घाले. चिखलात जायला नवी चोळी! कवडू ते पाहून मिशीत हसायचा.

ओळीत तिच्या उजव्या हाताला फुलनबाई असते. फुलनबाई बरीच वर्षं त्या जागेवर आहे आणि आपली पाळी कधी येते याची वाट पाहते, हे नंदाबाईला पक्कं ठाऊक होतं. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण काही गोष्टी पाठीलाही दिसतात.

तर अशी ही बाई. दिवाळीच्या आसपास पाण्याचा गुंड उचलताना तिच्या पाठीत कळ आली. उसण भरली म्हणून तिने मोहाच्या बियांचं तेल चोळून घेतलं, गरम विटेने शेकलं. कळ गेली नाही, पण तिच्याबरोबर राहायची सवय झाली. पुढे वैशाखात कोहमाऱ्याला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये हाडांचं फुकट शिबिर लागलं. गावची आशा कार्यकर्ती अंजू घरोघर सांगत आली, आणि नूतन सासूला जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

तिथे एका पोऱ्याने नंदाबाईची टाच एका डब्यासारख्या मशीनमध्ये ठेवली. मशीन टुकटुक बोललं. पोऱ्याने आकडा पाहिला, मग नंदाबाईकडे पाहिलं.

"अम्मा, हड्डी कमजोर दिख रही है. पण या मशीनचं काही पक्कं नसतं. गोंदियाला जाऊन मोठी तपासणी करून घ्या."

अंजूने बाजूला नेऊन नीट समजावलं. सुई नाही, टोचणं नाही, नुसतं पाठीवर झोपायचं. वरून मशीनचा हात फिरतो, फोटो काढल्यासारखा. हाडं आतून भरीव आहेत का विरळ झालीत ते कळतं. पाळी गेल्यावर बायांची हाडं झिजतात, कुणाची हळू, कुणाची भरभर. "काकी, तुमची उंची कमी झाल्यासारखी वाटते का?" तिने विचारलं.

"उंची कोनाची कमी होते वो?" नंदाबाई म्हणाली. "मानूस वाढते नाहीतर मरते."

हॉलमधल्या बाया हसल्या, आणि नंदाबाई जिंकून घरी आली. गोंदियाचं नाव काढायचं नाही, असं तिने सांगून टाकलं. त्या दिवसापासून घरात दोन भांडणं झाली, एक शिंक्याचं आणि एक तपासणीचं. दोन्हींत नंदाबाईच एकटी बोलत होती.

तिला मशीनची भीती नव्हती. भीती होती भिवराबाईची. भिवराबाई म्हणजे तिची मोठी जाऊ. अंगणात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी चालायला वॉकर दिला आणि रोज चाला म्हणून बजावलं. पण घरी आल्यावर भिवराबाई उठायला लागली की साऱ्या घराचा जीव खालीवर व्हायचा. "राहू द्या माय, पडान." "तुमी बसा, आमी करतो." पाणी हातात, ताट हातात. सगळं मायेनेच. चांगल्या माणसांनी, चांगल्या मनाने, भिवराबाईला खाटेला बांधलं. थोड्याच दिवसांत त्या वॉकरवर टॉवेल वाळायला लागले. नंदाबाई भेटायला जायची तेव्हा जाऊबाई छताकडे पाहत असायची. पुढे तिने छताकडे पाहणंही सोडलं.

म्हणून नंदाबाईचं गणित सरळ होतं. कागदावर एकदा हाडं कच्ची म्हणून लिहून आलं, की प्रफुल शेतात पाय ठेवू देणार नाही. सून ताट हातात आणून देईल. आषाढात टोळी उभी राहील आणि पहिली जुडी फुलनबाईच्या हातात जाईल. कागदच नसला तर कोण काय म्हणेल? पाठ दुखते, तर कुणाची दुखत नाही?

कवडू तसा बोलणारा माणूस नाही. पण एका संध्याकाळी बिडी विझवून तो म्हणाला, "पार वरून चांगलीच दिसते, नंदा. खेकडं आतून पोखरते. म्हनून तर आमी पानी भराच्या आंधी दरवर्षी पाहून घेतो."

पाळीला इकडे पार म्हणतात. दुसऱ्या एखाद्या बाईच्या मनाला हे बोलणं लागलं असतं. नंदाबाई म्हणाली, "मी का तलावाची पार हावो? खेकडं गिकडं माया आंगात नाई." आणि तिने कवडूच्या पुढ्यातलं भाताचं ताट जरा जोरातच ठेवलं.

शिंक्याचा निकाल मात्र तिला लावायचाच होता. जेठ महिन्यात एका सकाळी तिने कवडूला स्टूलावर चढवलं, नूतनला समोर उभं केलं आणि पंचनामा सुरू केला. शिंकं सोडून खाली घ्या, दोरीला नवी गाठ कुठे आहे ते आत्ता दाखवते, म्हणाली.

कवडूने आढ्याशी हात नेला आणि तसाच थांबला.

"काय झालं जी?"

"गाठ सुटून नाई राहिली." त्याने नख लावून पाहिलं. "आवो, ही तं बाबानं मारलेली गाठ होय. पाह ना इकडं."

नंदाबाईने मान वर केली. गाठ कुठे आणि लाकूड कुठे, ते कळत नव्हतं. वर्षानुवर्षांचा धूर दोरीवर बसून तिचा चकचकीत काळा गोळा झाला होता, आणि त्या गोळ्याला चिरासुद्धा गेली नव्हती. वरून कोळ्याने जाळं विणलं होतं, तेही काळं पडलेलं. सासरा वारून किती काळ लोटला. या गाठीला त्यानंतर माणसाचं बोट लागलेलं नव्हतं.

नूतनने "पाहा" म्हटलं नाही, की हसली नाही. तिच्या तोंडावर जे होतं ते जिंकण्याचं नव्हतं. ती घाबरली होती. आणि सून घाबरलेली पाहून नंदाबाईने पंचनामा तिथेच आवरला.

"उतरा खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "धूर लागून राहिला डोऱ्याले."

चूल तेव्हा विझलेली होती. कवडू उतरला आणि तलावाकडे निघून गेला.

दुपारी घर निजलं तेव्हा नंदाबाई उठून कोठीच्या दरवाज्यापाशी गेली. सवयीने मान खाली गेलीच होती, ती तिने मुद्दाम वर आणली. चौकटीच्या बरोबर खाली उभी राहिली. टाचा जुळवल्या, पाठ जितकी सरळ होईल तितकी केली. पाठीत कळ आली, ती येऊ दिली.

डोकं लागलं नाही.

तिने हात वर नेला. टाळू आणि लाकूड यांच्यामध्ये दोन बोटं आडवी सहज गेली. ती काढून तिने पुन्हा घातली. चौकट तीच होती, सागाची, तिच्या सासूच्या लग्नातली. जमीन खचली म्हणावी तर वर्षाकाठी सारवून सारवून ती वर आलेली. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त बल्ली राहिली नव्हती.

आणि हे तिला कळलं नव्हतं, कारण ती रोज वाकत आली होती. ज्या दरवाज्याने तिला उंच म्हटलं, त्याच्यापुढे ती इतकी वर्षं इमानाने मान खाली घालत राहिली, आणि वाकायची गरज कधी संपली ते दरवाज्यालाही सांगता आलं नाही. नंदाबाई उंबरठ्यावर बसली. तिला भीती वाटली, खरीखुरी, लहान पोरीला विहिरीत डोकावून वाटते तशी. आणि भीतीच्या मागोमाग लाज आली. हापशीवर चार बायांसमोर आपण काय काय बोललो, ते तिला एकेक आठवायला लागलं.

तिला वाटत होतं, कागद नसला तर काही झालेलं नसतं. पण कागद नव्हता तरी दोन बोटं गेली. उरलेलीही अशीच जातील, तिला न विचारता.

संध्याकाळी तिने चुलीपाशी बसून सुनेला सांगितलं, "दही तू काढ." मग बऱ्याच वेळाने, भाकरी थापता थापता, "शिंकं कोनी वर नाई नेलं."

माफी म्हणून एवढंच. नूतनला तेवढं पुरलं. तिने गाडगं काढलं, सासूच्या वाटीत दही घातलं आणि साय तिच्याकडेच सरकवली.

"मी गोंदियाले येतो तुयासंगं," नंदाबाई म्हणाली. "पन आंधी वचन दे. मशीन काईही बोलो, मले खाटेवर बसवाचं नाई. रोवण्यात जाऊ द्याचं."

दुसरी सून असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. नूतनने हातातली वाटी खाली ठेवली.

"रोवण्याचं वचन मी नाही देणार, आई. डॉक्टरनं वाकू नका म्हटलं, तर मी वाकू नाही देणार. भांडा माझ्याशी, हापशीवर जाऊन सांगा, जे करायचं ते करा. पण बसवणार पण नाही. यांनी बसवलं, बाबांनी बसवलं, तर त्यांच्याशी मी भांडीन. आणि आपल्या घरात वॉकर आलाच, तर त्याच्यावर टॉवेल नाही वाळणार. बस, इतकंच वचन आहे माझं."

नंदाबाई तिच्याकडे पाहत राहिली. भिवराबाईच्या वॉकरवरचे टॉवेल या पोरीनेही पाहिले होते तर. इतके दिवस गप्प बसलेली ही बाई भांडणार म्हणाली, तेव्हा नंदाबाईला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"तुले भांडता येते का पन?" तिने विचारलं.

"कुडव्याची आहे मी," नूतन म्हणाली.

मग दोघी जिल्ह्यातल्याच गोरेगाववरून गोंदियाला एसटीने गेल्या. दवाखान्यात आधी उंची मोजायच्या दांड्याला उभं केलं. मोजणारी पोरगी हिंदीत बोलत होती. "पहले कितनी हाइट थी, अम्मा?"

नंदाबाईची उंची जन्मात कुणी मोजली नव्हती. "कोठीच्या दरवाज्याले डोकं लागत होतं," ती म्हणाली. पोरगी कंटाळून नूतनकडे पाहायला लागली. तेव्हा नूतनने पिशवीतून एक सुतळी काढली आणि दांड्याच्या बाजूला सोडली. सुतळीला वर एक गाठ होती.

"एवढा आहे दरवाजा," ती म्हणाली. "याच्यापेक्षा थोड्या जास्तच होत्या."

पोरगीने दांड्यावर पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. नंदाबाई मात्र सुतळीकडेच पाहत होती. "तू पाह्यलं होतंस का मले? त्या दिवशी?"

"स्वयंपाकघरातून दिसतो तो दरवाजा," नूतन म्हणाली, आणि सुतळी गुंडाळून ठेवली.

तपासणीत अंजूने सांगितलं त्याहून जास्त काही नव्हतं. लेट जाओ, हिलना नहीं, हो गया. पाठीचा एक एक्स-रेही काढला. डॉक्टरीणबाई चष्म्यातून बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत होत्या. हाडं चांगलीच विरळ झाली आहेत, त्या म्हणाल्या, आणि पाठीचा एक मणका आधीच दबला आहे. दिवाळीला आलेली ती कळ उसण नव्हती. आता ओझं उचलायचं नाही, कंबरेत वाकून काम करायचं नाही. खाली काही करायचं तर गुडघ्यातून बसायचं, पाठ ताठ.

"म्हंजे रोवणा?" नंदाबाईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी रोवणा म्हणजे काय ते विचारून घेतलं, आणि मग मान हलवली. "नाही, मावशी. तो नाही. आणखी एक मणका दबला तर काय कराल?"

नंदाबाईच्या डोळ्यांपुढे पहिल्या जुडीचा तो कोपरा आला, हळदकुंकवासकट. पुढचं तिने अर्धवटच ऐकलं. चालायचं, रोज चालायचं. उन्हात फिरायचं. बसून राहिलात तर हाडं आणखी झिजतील. आठवड्यातून एकदा एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर. "आणि गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही."

इथे नंदाबाईचे कान उभे राहिले. "झोपाचं नाई?"

"अजिबात नाही. बसा, नाहीतर चाला. पण आडवं व्हायचं नाही."

नंदाबाई हसायला लागली. डॉक्टरीणबाईंना काही कळेना. ज्या खाटेच्या भीतीने ही बाई इतके दिवस तोंड लपवत होती, त्या खाटेवर पडू नका म्हणून सांगणारी गोळी निघाली होती. "भिवराबाईले अशी गोळी कोनी देल्ली असती तं," ती म्हणाली, आणि तिचं हसणं अर्ध्यातच राहिलं. परतीच्या एसटीत गोरेगाव येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. भिवराबाईसाठी थोडं, आणि बाकीचं रोवण्यासाठी. नूतनने तिला गप्प केलं नाही. फक्त तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

आषाढात बांधी भरली. पहिल्या दिवशी सकाळी नंदाबाईने नवी चोळी घातली. प्रफुल दारात आडवा आला, "माय, डॉक्टरनं सांगितलं ना," म्हणाला, आणि नूतनने त्याला जे ऐकवलं ते पलीकडच्या आळीपर्यंत गेलं. कुडव्याची होती हे तेव्हा साऱ्या गावाला कळलं.

बाया चिखलात ओळीने उभ्या होत्या. नंदाबाईने टोळीत कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायला गेली की जीभ जड व्हायची. तिने कोपऱ्यात हळदकुंकू वाहिलं, पहिली जुडी हातात घेतली. मग डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तसं, पाठ ताठ ठेवून, आधी एक गुडघा आणि मग दुसरा, ती चिखलात टेकून बसली. लुगडं कंबरेपर्यंत भिजलं. तिने रोपं रोवली, बोटांनी चिखल दाबला, आणि नूतनने धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधावरून, पुढे केलेला हात धरून उठली.

ओळीतली एकही बाई वाकली नाही.

त्या जुड्या हातात घेऊन वाट पाहत होत्या. म्होरकी वाकल्याशिवाय वाकायचं नाही, आणि नंदाबाई तर वाकलीच नव्हती. ती टेकली होती. याचं काय करायचं ते कुणालाच कळेना. फुलनबाई बाजूला उभी राहून तिच्या तोंडाकडे पाहत होती.

आता सांगितल्यावाचून सुटका नव्हती. "मी आता वाकनार नाई," नंदाबाई मोठ्याने म्हणाली. आवाज फाटला, तो तिने पुन्हा जागेवर आणला. "मायी पाठ दबली. फुलन, तू वाक."

इतकी वर्षं वाट पाहिलेली फुलनबाई जागची हलली नाही.

"अवो वाक ना," नंदाबाई म्हणाली. "बाया उभ्या हायेत."

फुलनबाई वाकली, आणि मग सगळी ओळ वाकली.

नंदाबाई धुऱ्यावर चढली आणि वळून उभी राहिली. तिच्या लक्षात आलं की वाकलेली टोळी आपण जन्मात पाहिलेली नाही. आपण नेहमी सगळ्यांच्या आधी वाकलेलो असायचो. आता ओळीने पाठी दिसत होत्या, ओल्या पदरांच्या. काही सपाट होत्या. काही नव्हत्या. फुलनबाईच्या पाठीत मानेखाली एक चांगलाच उंचवटा आला होता, आणि तिचं लुगडं, जे पूर्वी पिंढरीवर राहायचं, ते गोळा करून करून तिने कंबरेत दोनदा खोचलेलं होतं.

नंदाबाई बराच वेळ त्या पाठीकडे पाहत होती. मग तिने धुऱ्यावरूनच हाक मारली.

"फुलन, नवरी होऊन आलीस तवा तुयं डोकं कुठं लागत होतं वो?"

"कायले?" फुलनबाईने न थांबता विचारलं.

"संध्याकारी सांगतो. घरी जाशीन तं त्याच्याखाली उभी राहून पाह."

फुलनबाई हसली आणि एक पाऊल मागे सरकून लावत राहिली. नूतन पिशवीत सुतळी शोधत होती.